तिकीट माफ केलंत, आता बसचं भाडंही द्या

शिवराई हे तांब्याचं छोटं नाणं. कडेने ठिपक्यांची माळ, एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. नाणं झिजलेलं असतं, ठसा पुष्कळदा सरकलेला असतो, एखादं अक्षर कडेबाहेर गेलेलं असतं. तरी चौथीतलं मूल डोळे बारीक करून ते स्वतः वाचू शकतं. कुणी वाचून दाखवावं लागत नाही की अर्थ सांगावा लागत नाही. सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या टांकसाळीतून निघालेली अक्षरं आजचं मूल जशीच्या तशी वाचतं.

महाराष्ट्रात चौथीच्या वर्गात पिढ्यानपिढ्या शिवचरित्र शिकवलं जातं. गाळलेल्या जागा भरून घेतल्या जातात, जोड्या लावून घेतल्या जातात, मार्क दिले जातात. पण मानखुर्दच्या किंवा गोवंडीच्या पालिका शाळेतल्या किती मुलांनी शिवराई काचेआडून तरी पाहिली असेल? ज्या आईबापांकडे रविवारची सवड आहे आणि चार माणसांच्या जाण्यायेण्याचे पैसे आहेत, त्यांची मुलं पाहतात. खासगी शाळेतली मुलं शाळेच्या बसने येऊन पाहतात. बाकीच्या मुलांना पुस्तकातल्या चित्रावर समाधान मानावं लागतं, आणि ही तफावत आपण सगळे मुकाट चालवून घेतो.

म्हणून या आठवड्याचं मागणं थेट आहे. गरीब वस्तीतल्या मुलांना संग्रहालयापर्यंत आणणं आणि तिथे त्यांना शिकवणं, हा सरकारचा आणि महापालिकेचा कायमचा खर्च झाला पाहिजे. तो कुणाच्या देणगीवर, मर्जीवर किंवा वर्षाअखेरीस उरलेल्या पैशांवर सोडता कामा नये.

तिकिटात सवलत आहे की, असं लगेच सांगितलं जाईल. आहे. बऱ्याच संग्रहालयांत शाळेच्या गटाला सवलत मिळते, काही ठिकाणी तिकीट पूर्ण माफ होतं. पण या सगळ्या खर्चात तिकीट ही सर्वांत छोटी रक्कम आहे.

पालिका शाळेतल्या सहलीचा दिवस जवळून बघा. चाळीस मुलं हार्बरच्या लोकलमध्ये कोंबून सीएसएमटीला नेण्याची जोखीम कुठलीही शहाणी मुख्याध्यापिका घेणार नाही, म्हणून बस हवी. बसचं भाडं काही हजारांत जातं आणि शाळेकडे त्यासाठी वेगळे पैसे नसतात. मग वर्गणी काढायची. बाईंनी वर्गात सांगितलं की पहिला प्रश्न येतो, ‘बाई, किती पैसे?’ आकडा ऐकून काही हात तिथेच खाली जातात. नाका कामगाराच्या घरात त्या आठवड्यात काम लागलं असेल तर पैसे येतात, नाहीतर मूल त्या दिवशी घरी बसतं. संमतीपत्रावर सही आणायची, तर आई पहाटे धुण्याभांड्याला निघून गेलेली असते. दुपारी शाळेत खिचडी शिजते, पण मुलं बाहेर गेली तर तिथे जेवणाचं काय? घरून डबा आणा म्हणणं सोपं आहे. ज्या मुलाचं दुपारचं जेवण शाळेतच होतं, त्याला हे सांगायला बाईंची जीभ रेटत नाही. शेवटी चाळीसांतली पंचवीस मुलं जातात, आणि राहून गेलेल्या पंधरांत सगळ्यांत गरीब मुलं असतात.

तिथे पोहोचल्यावरही प्रश्न सुटत नाही. मुलं रांगेत आत शिरतात, हात लावू नका, पळू नका, बोलू नका हे ऐकतात आणि तासाभरात बाहेर पडतात. पाटीवरची भाषा त्यांच्या शाळेतली नसते. मुंबई महापालिका आठ माध्यमांतून शाळा चालवते: मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड. या मुलांना एका दालनात थांबवून, पाचच वस्तू दाखवून, त्यांच्या भाषेत प्रश्न विचारणारं माणूस हवं. संग्रहालयातलं शिक्षण त्या माणसामुळे घडतं, आणि त्याला दर महिन्याला पगार द्यावा लागतो. प्रकल्पापुरतं नेमलेलं माणूस प्रकल्प संपला की जातं. जाताना मुलांशी कसं बोलायचं याचं सगळं कसबही घेऊन जातं.

ब्रिटनचा अनुभव इथे उपयोगाचा आहे. डिसेंबर २००१ मध्ये तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयांचा प्रवेश सर्वांसाठी मोफत झाला. आधी तिकीट लावणाऱ्या संग्रहालयांतल्या भेटी पुढच्या दहा वर्षांत दुपटीहून अधिक झाल्या. पण वाढलेल्या गर्दीत बरेचसे लोक आधीपासूनच येणाऱ्या वर्गातले होते. दार उघडलं की आधी तेच आत जातात, ज्यांना तिथवर पोहोचणं परवडतं. उरलेल्यांना आणण्यासाठी वेगळी मेहनत लागते आणि वेगळा पैसा लागतो.

हे आपल्याकडे जमणार नाही, असं कुणी म्हणू नये. आपल्याकडे ते जमलेलं आहे आणि सरकारी पैशानेच जमलेलं आहे. १९६५ मध्ये कोलकात्याच्या बिर्ला औद्योगिक व तंत्रज्ञान संग्रहालयाने विज्ञानाची प्रात्यक्षिकं बसमध्ये मांडून ती बस गावोगावच्या शाळांत पाठवायला सुरुवात केली. पुढे राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेने हे काम देशभर नेलं. मुंबईत वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र आणि नागपूरचं रमण विज्ञान केंद्र याच परिषदेची. तरफ कशी काम करते, आरशात प्रतिमा उलटी का दिसते, हे खेड्यातल्या मुलांनी आपल्या शाळेच्या अंगणात उभ्या राहिलेल्या बसमध्ये हात लावून पाहिलं. सहा दशकं हे काम चालू राहिलं, कारण त्यामागे केंद्र सरकारचा नियमित पैसा आहे. विज्ञानासाठी जे कबूल केलं, ते इतिहास, कला आणि पुरातत्त्वासाठी का नाकारायचं?

काळ्या घोड्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ मध्ये आपली फिरती बस काढली. संग्रहालयातला इतिहास या बसमधून शाळांच्या दारात गेला. २०१९ मध्ये त्याच आवारात मुलांसाठी वेगळं संग्रहालय उघडलं. दोन्ही कामं मनापासून केलेली आहेत आणि कौतुकाला पात्र आहेत. पण बस रस्त्यावर आली ती एका बँकेच्या सीएसआर निधीतून. त्या बँकेने चांगलंच काम केलं. प्रश्न आपल्या सरकारांना आहे. मुलाच्या शिक्षणाचा इतका मूलभूत भाग एका कंपनीच्या वार्षिक निर्णयावर का अवलंबून असावा?

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, आणि वारसा व संस्कृती या यादीत आहेत. पण नफा घटला की ही रक्कम घटते. संचालक मंडळ बदललं की प्राधान्य बदलतं. शिवाय कंपनीचा पैसा जिथे कंपनी आहे तिथे आधी जातो. मुंबई-पुण्यातल्या संग्रहालयाला दाता सापडेल, गडचिरोली-नंदुरबारच्या शाळेला तो कुठून सापडणार? चौथीतलं मूल पुढच्या वर्षी पाचवीत जातं. दात्याचं मन वळेपर्यंत ते थांबून राहत नाही.

सरकार संग्रहालयांवर पैसे खर्च करतच नाही, असंही नाही. केंद्राच्या संग्रहालय अनुदान योजनेत नवं संग्रहालय उभारायला पैसे आहेत, जुन्याचा विकास करायला आहेत, डिजिटायझेशनला आहेत, कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाला आहेत. हे सगळं हवंच आहे. पण यातला मोठा भाग इमारतीत आणि दालनांत जातो. इमारत दिसते, तिची कोनशिला बसवता येते, फीत कापता येते. चाळीस मुलांना आणून सोडलेली बस संध्याकाळी परत गेली की दाखवायला काही उरत नाही. म्हणून ती मागे पडते. निवडून आलेल्यांनी हा मोह सोडायला हवा.

ही संग्रहालयं उभी राहिली तीही लोकांच्या पैशातून. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी खुलं झालं, त्यामागे भाऊ दाजी आणि नाना शंकरशेट यांची खटपट होती आणि मुंबईकरांच्या देणग्या होत्या. काळ्या घोड्याच्या संग्रहालयासाठी सरकारने आणि पालिकेने अनुदान दिलं, सर करीमभाई इब्राहिम यांनी तीन लाख रुपये दिले. म्हणजे सार्वजनिक पैसा या भिंतींत पहिल्या दिवसापासून आहे.

भाऊ दाजी लाड संग्रहालय तर महापालिकेच्याच मालकीचं. राणीच्या बागेच्या फाटकालगत उभं आहे. आत एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईची माणसं मातीच्या छोट्या प्रतिकृतींत मांडलेली आहेत: त्यांचे धंदे, पगड्या, पोशाख. बाहेर आवारात घारापुरीचा दगडी हत्ती आहे. इंग्रजांनी तो विलायतेला न्यायला उचलला तेव्हा तुटला आणि मग इथे आणून पुन्हा जोडला. आपल्याच शहराची ही गोष्ट आहे. शेजारी पेंग्विन बघायला रोज शेकडो कुटुंबं येतात, त्यात आग्रीपाड्याची असतात, माझगावची असतात, धारावीची असतात. त्यातली बरीचशी या दारावरून पुढे निघून जातात, कारण ही जागा आपल्यासाठी आहे असं त्यांना कुणी कधी सांगितलेलंच नाही. शाळेतून एकदा नीट येऊन गेलेलं मूल पुढच्या खेपेला हात धरून आईला आत नेतं. त्या पहिल्या खेपेवरचा खर्च पुढे सगळ्या घराच्या उपयोगी पडतो.

आक्षेप ठरलेला आहे. शाळेचं छप्पर गळतंय, शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत आणि तुम्हाला संग्रहालय सुचतंय? छप्पर दुरुस्त व्हायलाच हवं, जागाही भरायला हव्यात. पण गरिबाच्या मुलासाठी फक्त छप्पर आणि श्रीमंताच्या मुलासाठी छप्पर, नाणी, शिल्पं, चित्रं असं सगळं, ही वाटणी मला मान्य नाही. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार ४२७ कोटींचा होता आणि शिक्षणाचा सुमारे ३ हजार ९५५ कोटींचा. एवढ्या आकड्यांत बसचं भाडं बसत नाही, यावर कुणाचा विश्वास बसेल? वर्षातून एकदा, फक्त चौथीच्या आणि सातवीच्या मुलांसाठी, एवढ्याने सुरुवात करा.

राज्याला यासाठी नमुना शोधायला लांब जावं लागणार नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्याआधी १८९४ मध्ये संग्रहालय उघडलं होतं. पुढे राज्याच्या तिजोरीतून फिरत्या ग्रंथपेट्या खेडोपाडी पाठवल्या. ज्याला ग्रंथालयापर्यंत येता येत नाही त्याच्यापर्यंत पुस्तक गेलं पाहिजे, हे त्यांना शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पटलं होतं. महाराष्ट्रानेही १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला आणि गावोगावच्या ग्रंथालयांना वर्गवारीप्रमाणे वार्षिक अनुदान मिळू लागलं. हे अनुदान अपुरं आहे, उशिरा येतं, ही ग्रंथपालांची तक्रार रास्त आहे. पण ते हक्काने मागता येतं आणि न मिळाल्यास भांडता येतं. संग्रहालयांच्या शिक्षणकामाला असाच कायद्याचा आधार हवा.

आधार कायद्याचा का हवा, हे अमेरिकेत नुकतंच दिसलं. तिथे संग्रहालयं आणि ग्रंथालयांना अनुदान देणारी एक केंद्रीय संस्था आहे. सरकारी अन्नमदतीचं कार्ड दाखवणाऱ्या गरीब कुटुंबाला फुकट किंवा अगदी नाममात्र दरात प्रवेश देणाऱ्या मोहिमेला तिची साथ आहे आणि २०१४ पासून शेकडो संग्रहालयं तीत सामील झाली. मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या एका आदेशाने या संस्थेवरच कुऱ्हाड चालवली. २१ राज्यं कोर्टात गेली. ती जाऊ शकली, कारण ती संस्था संसदेच्या कायद्याने उभी होती. आपल्याकडची एखादी योजना शासन निर्णयाच्या कागदावर बंद झाली, तर मुलांच्या बाजूने कुणी कोर्टाची पायरी चढू शकेल का?

राज्यघटनेच्या कलम ५१-क मध्ये आपल्या संमिश्र संस्कृतीचा समृद्ध वारसा जपणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य सांगितलं आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणात मुलांना ऐतिहासिक आणि सांस्कृतिक ठिकाणी न्यावं असं लिहिलं आहे. कर्तव्य सांगून झालं, धोरण लिहून झालं. आता पैसे ठेवा.

मागण्या चारच आहेत. पालिका आणि जिल्हा परिषद शाळांच्या अर्थसंकल्पात संग्रहालय भेटीसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष असावं आणि त्यात बस आणि जेवण दोन्ही धरलेलं असावं. शालेय सहलीला एसटीत निम्मं भाडं लागतं, या भेटींसाठी उरलेलं निम्मं राज्याने भरावं. सरकारी अनुदान घेणाऱ्या प्रत्येक संग्रहालयात मुलांना शिकवणारी किमान एक कायम जागा असावी, आणि त्या माणसाला तिथल्या शाळांची भाषा यावी. आणि ज्या तालुक्याजवळ संग्रहालयच नाही, तिथे विज्ञानाच्या बससारखी इतिहासाची बस वर्षातून एकदा तरी जावी.

फेब्रुवारीच्या सुमारास पालिकेचा शिक्षणाचा अर्थसंकल्प मांडला जातो. त्याआधी आपल्या वॉर्डातल्या नगरसेवकाला गाठा, गावात असाल तर जिल्हा परिषद सदस्याला गाठा आणि एवढंच विचारा: आपल्या शाळेतली किती मुलं गेल्या वर्षी संग्रहालयात गेली आणि बसचे पैसे कुणी दिले? उत्तर लेखी मागा. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. दहा रुपयांचा अर्ज आहे. तो मी माझ्या वॉर्डात या आठवड्यात टाकतोय. तुम्हीही तुमच्या वॉर्डात टाका.