अंधार वेगळा विकणाऱ्यांस

प्रति,
पांढऱ्या टबाचे शिल्पकार,
हवेत मुळं फोडणाऱ्या यंत्राची कंपनी
(नाव घेत नाही, फुकट जाहिरात कशाला?)

विषय : उजेडाबाबत.

महोदय,

सा. न. वि. वि. उपरोक्त विषयास अनुसरून कळवण्यास आनंद होतो की, आपलं यंत्र रत्नागिरीत, मांडवीला सुखरूप पोचलं आणि त्यात जीवसृष्टी निर्माण झाली. फक्त आम्ही लावली होती ती नव्हे. आम्ही लाल जास्वंदीच्या फांद्या लावल्या, उगवलं शेवाळ. परवा झाकण उचललं तर टबाला आतून हिरवा बुळबुळीत थर, देठांची टोकं काळपट, आणि बोटाने जरा दाबलं तर साल सुटून हातात. तुषार सोडणारी निम्मी नोझल मुकी. उरलेली थुंकल्यासारखी.

तक्रार केली. आपला प्रतिनिधी म्हणाला, "सर, ग्रीन आलंय म्हणजे सिस्टिम नॅचरल आहे." अहो, आम्ही कोकणात राहतो. हिरवं म्हणजे काय, हे जून ते सप्टेंबर आमच्या पायऱ्या आम्हाला पाठीवर आपटून शिकवतात.

आपल्या माहितीपत्रकात 'नासा'चं नाव तीनदा येतं. मुळांचं एकदाही नाही. म्हणून थोडक्यात सांगतो. फांदी निओप्रीनच्या चकतीत अडकवायची, देठ खाली हवेत लोंबत ठेवायचा आणि पंपाने तळाचं पाणी तुषार करून त्यावर मारायचं. फ्रिट्स वेंट यांनी १९५७ साली ह्या पद्धतीला एरोपोनिक्स असं नाव दिलं. त्या देठाला मुळं फुटायला पाणी हवं, हवा हवी आणि अंधार हवा. पहिल्या दोन गोष्टी आपण खोक्यात दिल्यात. तिसरी 'अ‍ॅक्सेसरीज'मध्ये ठेवलीत! 'लाइटप्रूफ जॅकेट, वेगळे उपलब्ध.' अंधाराला किंमत लावणारे आपण पहिलेच असाल. आमच्याकडे पावसाळी वारा सुटला की अंधार घरपोच आणि मोफत मिळतो. तेव्हा पंपही बंद पडतो, पण त्याचा बोल आपल्याला लावत नाही.

पंपाचा आवाज, खोक्यात न सापडलेला एक स्क्रू, चिनी भाषेतली सूचनापुस्तिका, ह्या सगळ्याला माफी आहे. उजेडाला नाही.

टब दुधी. आत हात घातला तर बाहेरून बोटं मोजता येतात. झाकणाला भोकं पुष्कळ, चकत्या त्याहून कमी. रिकाम्या भोकांना बूच नाही. पंपाची वायर बाहेर काढायला जी खाच ठेवलीत, तिच्यातून वायरबरोबर झुरळही आरामात जाईल. आणि झाकण टबावर बसतं तिथे एक फट आहे. दुपारी ती दिसत नाही. संध्याकाळी दिसते. मांडवीच्या जेटीवर उभं राहून लोक ज्या सूर्यास्ताचे फोटो काढतात, तो सूर्य उतरता उतरता आमच्या पडवीत आडवा शिरतो आणि नेमका त्या फटीतून आत जाऊन देठांना न्हाऊ घालतो.

एवढ्यावर भागलं नाही म्हणून आपण पंपाला निळा दिवा बसवलात. टबाच्या आत! कारंज्याचा पंप उचलून मुळांच्या खोलीत ठेवलात आणि दिवा काढायचे कष्टही घेतले नाहीत. निळा प्रकाश हरितद्रव्याला किती प्रिय असतो, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. म्हणजे दिवसा सूर्य, रात्री आपण. शेवाळाला चोवीस तासांची सेवा.

आता हे 'नॅचरल' प्रकरण करतं काय, तेही ऐका. उजेड असेपर्यंत ते वाढतं, नोझलची भोकं बुजवतं. अंधार पडला की पाण्यातला प्राणवायू तेच ओढतं. मेलं की कुजतं, आणि कुजलेल्यावर जिवाणूंची पंगत बसते. पिथियमसारखी मूळकुजवी बुरशी अशा कोंदट पाण्याची वाटच पाहत असते. त्यात वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तिशीला साडेसातच्या आसपास. आमच्याकडे मे महिन्यात पाणी तिशीखाली यायचं नाव घेत नाही. म्हणजे आधीच तुटपुंजं ताट, त्यात हा आगंतुक.

आपण म्हणाल, काळा टब तापतो. खरंय. तापतोच. पण ह्यावरचा तोडगा आमच्या कलिंगडवाल्याला विचारा. त्याचा मल्चिंग पेपर वरून चंदेरी असतो नि खालून काळा. चंदेरी बाजू ऊन परतवते, काळी बाजू तणाला उजेड मिळू देत नाही. आत काळा, बाहेर पांढरा, एवढं टबाला जमलं नसतं? गुटी कलम बांधताना जुने माळी सालीचं कडं काढून तिथे चिखलाचा गोळा बसवायचे आणि वरून गोणपाट गुंडाळायचे. त्या गोणपाटाला कोणी जॅकेट म्हटलं नाही आणि त्याचं वेगळं बिल आलं नाही. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेत बियाण्याचे बटाटे असेच हवेत लोंबत्या मुळांवर वाढवतात, आणि बंद, अंधाऱ्या पेट्यांत वाढवतात. 'प्रीमियम लुक' म्हणून कोणी त्यांना खिडक्या पाडत नाही.

संतापायला होतं ते पैशांसाठी नव्हे. ही जास्वंद बाजारात मिळत नाही. आईने लावलेलं झाड गेल्या पावसात कलंडलं, आणि उरलेल्या दोन हिरव्या फांद्यांवर आमची सगळी भिस्त होती. आपण त्या कुजवल्यात. कुजवल्यात आणि वर त्याला निसर्ग म्हणालात! लाज वाटत नाही?

असो.

खरं सांगू, आपल्या डिझायनरवर राग धरवत नाही. त्याने काळाच टब काढला असेल. मग कोणीतरी मीटिंगमध्ये म्हणालं असेल की, फोटोत दिसत नाही, आत काय चाललंय ते गिऱ्हाइकाला कळायला हवं. आणि त्यात खोटं काय? मूळ फुटलंय का, हे बघायला पेरलेली बी उकरून पाहणारी पोरं घराघरांत असतात आणि मोठेपणीही ती फारशी सुधारत नाहीत. आपण त्या उतावीळपणाला टब करून विकलात. धंदा म्हणून हुशारी आहे, कलम म्हणून खून.

तेव्हा नम्र विनंती. पुढचं मॉडेल बाजारात आणण्याआधी ऑफिसातले दिवे मालवा, टबात टॉर्च लावून ठेवा, झाकण लावा आणि सगळ्यांनी भोवती उभं राहा. जिथून उजेड बाहेर येईल, तिथून तो आतही जाणार. अशा प्रत्येक जागी साहेबांनी मार्करने सही करावी. सह्या करून हात दुखला तर समजावं की टब अजून विकायचा झालेला नाही.

कळावे,
आपला (अजून तरी) ग्राहक,
मांडवी, रत्नागिरी

ता. क. : पंप काल शेवाळ अडकून बंद पडला. निळा दिवा मात्र उत्तम चालू आहे. त्याची वॉरंटी वाढवून दिलीत तरी हरकत नाही.