सातवा गठ्ठा

'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे काही उगाच म्हणत नाहीत. सरकारी टेबलांना सहा गठ्ठे पद्धत आहेच: कार्यवाहीचे, प्रतीक्षाधीन, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नष्ट करायचे. आमच्याकडच्या एका कार्यालयाने तिला पूर्णत्व दिलं. लाल रुमालांवर चिठ्ठ्या आल्या: 'तातडीचे', 'अतितातडीचे', 'साहेबांनी विचारलेले'. मग चिठ्ठ्यांचे वर्ग पाडले, वर्गांची नोंदवही घातली. ती नोंदवही कोणत्या गठ्ठ्यात बांधावी, हा प्रश्न तूर्त प्रतीक्षाधीन आहे. टीकाकारांनी तोंड आवरावं. परवा जिंतूरहून आलेल्या काकांचा फेरफाराचा अर्ज दोन मिनिटांत सापडला. सहाव्या गठ्ठ्यात होता. तारीखवार, कोपरे जुळवून.