सुखाचा टीडीएस

उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी, असा क्रम आपले पूर्वज लावून गेले. आपण तो मोडला नाही. फक्त गुणपत्रिका उलटी धरली. आज मुलगा 'पर्मनंट' आहे एवढं कळलं की मुलीकडचे पोह्यांवर जास्तीचं खोबरं भुरभुरतात. आणि 'स्वतःचा छोटा व्यवसाय आहे' असं कानावर आलं की मुलीचे वडील हळूच विचारतात, ''ते ठीक आहे हो, पण करतो काय?'' देह क्षणभंगुर आहे हे ज्या समाजाला शेकडो वर्षं कीर्तनातून ऐकवलं गेलं, त्याने कारकुनाची खुर्ची तेवढी अविनाशी मानावी, ही गंमतच आहे. नोकरीत सुख नाही, असं माझं म्हणणं नाही. ते आहेच, पण फुकट नाही. त्याची किंमत टीडीएससारखी मुळातच कापली जाते. फरक एवढाच, की कर कापलेला पगारपत्रकात दिसतो आणि सुखापायी कापलेलं कुठेच दिसत नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांना ते दिसलं, कारण त्यांची कपात जरा ठळक झाली. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवत होते आणि हक्काची बढती त्यांना डावलून दुसऱ्याला मिळाली. अशा प्रसंगी काय करायचं याची आपली पद्धत ठरलेली आहे: कँटीनमध्ये भाषण, वरिष्ठांच्या नावाने निनावी अर्ज आणि पुढची वीस वर्षं ॲसिडिटी. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. आधी सायकली, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीला विष चढतं, अशी शेतकऱ्यांची समजूत. त्यामुळे नांगराला सुरुवातीला गिऱ्हाईकच मिळेना. तरी १९१० साली औंध संस्थानातल्या माळरानावर, निवडुंग तोडून, किर्लोस्करवाडी उभी राहिली. खरं तर बढती नाकारणाऱ्या त्या साहेबाचा तिथे एक पुतळा हवा. त्याने न्याय केला असता, तर महाराष्ट्राला एक समाधानी मास्तर मिळाला असता आणि नांगर लाकडीच राहिला असता.

यावर पहिला आक्षेप भांडवलाचा. औंधच्या राजासारखा जागा देणारा प्रत्येकाला कुठून मिळणार? बरोबर. म्हणून राजा वगळून गिरगावातली एक गच्ची पाहू. १९५९ साली तिथे सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. देणगी घ्यायची नाही आणि नफातोटा सगळ्यांनी वाटून घ्यायचा, हा त्यांचा नियम. 'लिज्जत'च्या बहिणी आज चाळीस हजारांच्या वर आहेत. इथे आपला ठेवणीतला दुसरा आक्षेप निघतो: ''त्या गुजराती होत्या हो, धंदा त्यांच्या रक्तातच असतो!'' पण पापड उडदाचा होतो, रक्ताचा नव्हे. आणि त्याच गिरगावात १९३१ सालीच दांडेकर बंधूंनी शाई बनवायला सुरुवात केली होती. पुढे तिचीच 'कॅमलिन' झाली. आपल्या किती पिढ्यांनी नोकरीचे अर्ज त्या शाईने लिहिले असतील! अर्ज नामंजूर झाला तरी शाई खपलीच.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. जे तरले त्यांची चरित्रं छापली जातात. जे बुडाले त्यांच्या नावाने फक्त बँकेची नोटीस निघते. हे मान्यच केलं पाहिजे. घर गहाण टाकून पहिल्याच दिवशी शोरूम थाटणाऱ्याला मी उद्योजक म्हणणार नाही. तो हौशी नट. पण पापडवाल्या बहिणींनी पहिल्या दिवशी जेवढं पणाला लावलं, तेवढं आपण साखरपुड्याच्या सजावटीत उडवतो. शिवाय नोकरी बुडत नाही, हे तरी कुणी सांगितलं? १९८२च्या संपात मुंबईचे अडीच लाख गिरणी कामगार उतरले, तेव्हा गिरणीचा भोंगा हीच या शहरातली सर्वांत पर्मनंट वस्तू होती. त्या भोंग्यांच्या जागी आज मॉल आहेत. कष्टांत कामगार कुठेच कमी पडला नव्हता. कष्ट त्याचे होते, किल्ली मात्र दुसऱ्याच्या खिशात होती.

मात्र किल्ली हाती आली, की आपण तिने पहिलं काय करतो? दुकान बंद. दुपारी एक ते चार. पुण्यात चितळे बंधूंनी २०१७ साली दुपारीही दुकान उघडं ठेवायचं ठरवलं, तर त्याची देशभर बातमी झाली! स्वातंत्र्य म्हणजे हक्काची वामकुक्षी, हा समज आपण मनापासून जपला आहे. वास्तविक धंद्यात एक साहेब जातो आणि त्याच्या जागी गिऱ्हाईक नावाचे शंभर साहेब येतात. त्यांतला प्रत्येक जण घासाघीस करतो आणि रजेचा अर्ज कुणीच घेत नाही. कष्ट टळत नाहीत. फक्त त्यांचं फळ मुळात कापलं जात नाही, एवढाच काय तो फायदा. आणि माझ्या मते तो पुरेसा आहे. तेव्हा राजीनामा लिहिण्याची घाई नको. आधी एका कागदावर पगारपत्रकात नसलेला रकाना आखावा: सुख जमा, त्यापोटी वजा काय काय? हा हिशेब एक ते चारच्या दरम्यान करावा. तेवढा वेळ तरी आपण आपल्या मालकीचा ठेवला आहे.