डॉक्टर निघालेत!

चारचौघांशी समोरासमोर कसं बोलावं, याचा अभ्यासक्रम मी सध्या एकटीनं, स्वयंपाकघरात, मोबाइलवर शिकते आहे. दूरस्थ शिक्षण, विषय मेडिकल रिसेप्शनिस्ट. पहिल्याच धड्यात सूचना आहे, 'रुग्णाच्या डोळ्यांत पाहून स्मित करा.' सरावाला घरात दुसरं कोण असणार? सासूबाईंकडे पाहून हसले. त्यांनी निवडत असलेली मेथी खाली ठेवली आणि विचारलं, "किती पैसे पाहिजेत?"

आम्ही सुरतेच्या डिंडोलीत राहतो, मूळचे अमळनेरकडचे. खानदेश कुठे संपतो आणि सुरत कुठे सुरू होते, हे तापीलाही सांगता यायचं नाही. डिंडोली, लिंबायत, उधना या भागांतल्या दवाखान्यांत "मना पोटमा दुखस" इथून सुरुवात होते. मग कुणी सुरती गुजरातीत, कुणी हिंदीत सांगतं, आणि ओडिशातल्या गंजामहून पॉवरलूमवर कामाला आलेली पोरं नुसतं डोकं धरून दाखवतात. अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेतला रुग्ण मात्र एकटा येतो, इंग्रजीत बोलतो आणि नंबर येईपर्यंत मासिक चाळत बसतो. असा रुग्ण मला एकदा तरी पाहायचाय. त्याला काय झालं असेल, याची काळजी वाटते.

'शिवराळ बोलणाऱ्या रुग्णाची नोंद करून वरिष्ठांना कळवा.' हे लिहिणारा गृहस्थ सुरतेच्या स्टेशनावर कधी उतरला नसावा. अस्सल सुरती माणूस प्रेमात आला की आधी शिवी देतो, मग तब्येत विचारतो. नोंदी करायच्या म्हटल्या तर केसपेपर पुरणार नाहीत, आणि पहिली नोंद बहुधा वरिष्ठांचीच करावी लागेल.

'प्रत्येकाला पंधरा मिनिटांची वेळ द्या.' बरं. लूमच्या पाळ्या बारा-बारा तासांच्या. सातला पाळी सुटते आणि सव्वासातला अख्खा कारखाना दवाखान्याच्या पायरीवर. ताप एकालाच असतो. बाकीचे "आलोच आहोत तर" म्हणून बीपी मोजून घेतात.

पैशांचा धडा सगळ्यात लहान आहे, आणि खरी लढाई तिथेच. गुजरातेत आयुष्मान कार्डाची मर्यादा २०२३ मध्ये पाच लाखांवरून दहा लाख झाली. हे कार्ड दवाखान्यात भरती झाल्यावर चालतं, सर्दीच्या तपासणीला नाही. पण खिशात दहा लाख घेऊन आलेल्या माणसाला "काका, शंभर रुपये द्या" कसं म्हणायचं? पुस्तिका म्हणते, 'नम्रपणे.' नम्रपणे म्हटलं तर काका विचारतात, "मग भरतीच करून घे ना!"

परवा सराव परीक्षेत प्रश्न आला : डॉक्टरांना उशीर होत असल्यास रुग्णाला काय सांगाल? खाली चार पर्याय, चारही सत्य. वडिलांना वाचून दाखवला, तर त्यांनी १९९४ चा सप्टेंबर काढला. सुरतेत प्लेगची बातमी फुटली आणि लोकांबरोबर कितीतरी खासगी डॉक्टरही शहर सोडून गेले. (अहमदाबादचं आंबेडकर मुक्त विद्यापीठ त्याच सालचं. माणसं एकमेकांपासून लांब पळत होती तेव्हा लांबून शिकवायची सोय झाली. सरकारचं टायमिंग कधीकधी बरोबर असतं.) आमच्या गल्लीतले डॉक्टरही गावी गेले होते. कंपाउंडर मात्र रोज शटर अर्धं उघडून स्टुलावर बसायचा आणि येईल त्याला सांगायचा, "निघालेत. उधना दरवाज्यापर्यंत आले." माणसं तासभर बसायची, एकमेकांना आपली दुखणी सांगायची आणि बरं वाटलं म्हणून घरी जायची. कंपाउंडरनं त्या दिवसांतही नंबर लावले होते म्हणे.

मी चारही पर्याय पुन्हा वाचले. उधना दरवाजा एकातही नव्हता. शेवटी 'यापैकी नाही' शोधलं, तर तेही नव्हतं.