विलीनीकरणोत्तर छायाचित्रण

अक्कलकोटचे संस्थान १९४८ साली मुंबई इलाख्यात विलीन झाले, तेव्हा राजवाडा राहिला, शस्त्रागार राहिले, लोकांचे मुजरेही काही काळ राहिले, आणि गेली ती फक्त सत्ता. साठी उलटलेल्या छायाचित्रकाराच्या देहाची अवस्था याहून फारशी निराळी नसते. भेद असलाच तर इतकाच की, देहाच्या बाबतीत करारनाम्यावर कोणी सही मागत नाही, एकेक खाते परस्पर फुटून निघते आणि दरबारास त्याची वर्दी सर्वांच्या मागाहून पोचते.

माझ्याकडे पहिली फितुरी गुडघ्यांनी केली. या कलेत गुडघ्यांचे माहात्म्य किती आहे, हे एकाही ग्रंथकाराने लिहून ठेवलेले नाही. भिंगांवर प्रकरणेच्या प्रकरणे खर्ची घालणाऱ्या या विद्वानांना, आठवडी बाजारात ज्वारीच्या ढिगामागे बसलेल्या म्हातारीचे चित्र तिच्या नजरेच्या पातळीवरून घ्यावयाचे असेल तर आधी जमिनीवर बसावे लागते आणि मग, हे अधिक महत्त्वाचे, उठावे लागते, याचे भान नसावे. माझ्या संस्थानात बसण्याचा हुकूम अद्याप तामील होतो; उठण्याचा मात्र फेरविचारार्थ परत येतो. परिणामी माझ्या अलीकडच्या चित्रांतले सारे जग उभ्या माणसाने किंचित वरून पाहिलेले असते. एका तरुण समीक्षकाने त्यात ‘तटस्थ चिंतनशील दृष्टी’ शोधून काढली, तेव्हा मी त्याचे खंडन करण्याच्या भरीस पडलो नाही.

नेत्रांनी फितुरी केली नाही, केवळ सरहद्द मागे हटवली. बालकाला नाकापासून वीतभराच्याही आत धरलेले अक्षर स्वच्छ दिसते. पुढे डोळ्यातले भिंग ताठर होत जाते आणि साठीच्या सुमारास ही मर्यादा जवळजवळ मीटरभर दूर जाते. आता चष्मा लावावा तर कॅमेऱ्याच्या पाठीवरची बटणे दिसतात आणि रस्त्यावरची पालखी धूसर होते; काढावा तर पालखी दिसते आणि बटणांचे मुंगळे होतात. हा वाद मिटेपर्यंत पालखी थांबत नाही. तारुण्यातला माझा आग्फा क्लिक-थ्री या दृष्टीने किती सभ्य होता! बडोद्यास तयार होणाऱ्या त्या काळ्या डबीला ऊन आणि ढग यांपलीकडे जगात काही असते हे ठाऊकच नव्हते. एका रोलमध्ये चित्रे बाराच निघत, म्हणून प्रत्येक चित्रासाठी गाव पालथे घालण्याची चैन परवडत असे. त्या वेळी पाय अमर्याद होते आणि चित्रे बारा. आज कार्डात हजारो चित्रांची तरतूद आहे आणि पायांत जेमतेम बारांची.

तथापि वार्धक्याचे काही इनामही आहे. सोलापूरकडचे ऊन अकराच्या पुढे माणसाच्या डोळ्यांच्या खोबणीत शाई ओतते, आणि चित्रास योग्य असा कोवळा प्रकाश पहाटेच्या घटकेपुरताच मिळतो. तरुण मंडळी त्यासाठी गजर लावून पुन्हा झोपतात, आम्हांस तो निद्रानाश बिनशर्त मिळवून देतो.

दुसरे इनाम याहून मोठे. अक्कलकोटच्या वटवृक्ष मंदिराबाहेर गुरुवारी कॅमेरा घेऊन उभा राहिलो की, तुळजापूर-गाणगापूर करीत आलेली कुटुंबे शेकडो तरुणांना ओलांडून नेमकी माझ्याकडे येतात आणि ‘आजोबा, एक फोटो काढता का?’ म्हणून आपला महागडा फोन हाती देतात. हा माझ्या कलेचा गौरव असावा, अशी माझी काही दिवस समजूत होती. पुढे एका यात्रेकरूनेच, आपल्या पत्नीच्या शंकेचे निरसन करताना, हलक्या आवाजात खुलासा केला: ‘अगं, पळून पळून कुठे पळतील?’

याच यात्रेकरूंच्या तोंडी, कोडॅक कंपनीच्या साहेबाने येथे येऊन स्वामी समर्थांचे छायाचित्र घेतल्याची आख्यायिका हटकून असते. तरुणपणी मी तेथल्या तेथे अंकगणित मांडीत असे: स्वामींची समाधी १८७८ सालची, आणि ‘कोडॅक’ हे नाव जन्मले १८८८ साली! यामुळे सत्याचा जय होई आणि प्रसाद मात्र मिळत नसे. आता मी मान डोलावतो. एवढ्यावरून माझी तर्कशक्ती विलीन झाली असे कोणी समजू नये. मला त्या अनाम छायाचित्रकाराचेच कौतुक अधिक वाटू लागले आहे. त्या काळी प्रचारात असलेल्या पद्धतीत काचेवर ओले रसायन चढवावे, ते सुकण्यापूर्वी चित्र घेऊन धुवावे, आणि चित्र घेताना समोरच्या व्यक्तीने काही सेकंद तरी निश्चल राहावे, असा शिरस्ता होता. ज्यांनी राजापासून रंकापर्यंत कोणाचीही आज्ञा मानल्याचे ऐकिवात नाही, ते स्वामी त्या बापड्याच्या विनंतीवरून स्थिर बसले असतील, तर छायाचित्रकाराच्या दृष्टीने एवढा चमत्कार पुरेसा आहे. चार वर्षांच्या नातवास मी आजतागायत बसवू शकलेलो नाही.

छायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी १९७० साली कॅमेरा खाली ठेवला आणि २०१२ साली निधन होईपर्यंत त्याकडे परत वळल्या नाहीत, हे चिरंजीवांनी कोठेतरी वाचले आणि जेवताना दोनदा सांगितले. मी शेंगाचटणी वाढून घेतली आणि विषय तेथेच दप्तरदाखल केला.

सूनबाईंनी मात्र अधिक नाजूक बाजूने दरखास्त आणली. ‘बाबा, तुम्ही सगळ्यांचे फोटो काढता, तुमचाही एक चांगला काढून ठेवायला हवा.’ चिरंजीवांनी तिच्याकडे डोळे वटारले, भाकरी मोडण्याचा आवाज थांबला. वास्तविक रागावण्याचे कारण नव्हते. गावातल्या कित्येक दिवंगतांना लग्नाच्या सामुदायिक चित्रातून कापून, मोठे करून, भिंतीवर चढवण्याचे काम मी आयुष्यभर केले आहे. त्यांपैकी एका सद्गृहस्थांच्या खांद्यावर अद्याप व्याह्यांची चार बोटे आहेत, आणि हयातीत दोघांचे बोलणे नव्हते. तेव्हा मी अटी घातल्या: उत्तरेची खिडकी, सकाळचा प्रकाश, फ्लॅश वर्ज्य, आणि चष्म्यावर चकाकी येऊ नये म्हणून हनुवटी किंचित खाली. थोरल्या नातवाने भराभर चित्रे घेतली. प्रत्येकात मी छायाचित्रकारास सूचना देत तोंड उघडे टाकून बसलेला आहे. त्यांतून एक निवडण्याचे प्रकरण घरात तूर्त तहकूब असून, मुदत होता होईल तो वाढवून मिळावी असा माझा अर्ज आहे.