दहावा ग्रह

अधिक मासात जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे, वर चांदीचं निरांजन. एवढ्यावर सासरा सुटतो. मुख्यमंत्री मनोहर जोशींचं प्रकरण मात्र पुण्यात प्रभात रोडवर, प्राथमिक शाळेसाठी राखलेल्या भूखंडापर्यंत गेलं. आरक्षण उठलं, जावईबापूंची इमारत उभी राहिली. (पुण्यात पोरांना शाळा मिळत नाही हे ठाऊक होतं, इथं शाळेलाच जागा मिळेना.) शिवसेना-भाजप युतीचे मुळात २८८ पैकी १३८ आमदार, बाकी सगळा अपक्षांचा टेकू. पण अपक्ष जागचे हलले नाहीत, हलली ती घरातलीच वीट. १९९९ च्या जानेवारीअखेर 'मातोश्री'वरून निरोप आला. १ फेब्रुवारीला नारायण राणे खुर्चीत. त्याच वर्षी मे महिन्यात अधिक ज्येष्ठ लागला. सासरेबुवा तेव्हा अनारसे तळायला मोकळे होते.