अपडेट न येणारा फोन : नवशिक्यांसाठी सोपी कृती

साहित्य : पाच-सहा वर्षं मुरलेला एक स्मार्टफोन (काचेला तडा असल्यास उत्तम, नसल्यास चालेल), चालू वायफाय, जवळचा चष्मा आणि एक मोकळी रविवार सकाळ. चहा आवडीनुसार.

ही कृती आमच्या घरी आईच्या फोनवर करून पाहिलेली आहे. आईचा फोन म्हणजे आधी माझा, मग बायकोचा आणि आता आईचा. आमच्याकडे फोन स्वेटरसारखे उतरत जातात, फक्त उलट्या दिशेने : धाकट्यांकडून थोरल्यांकडे.

पायरी पहिली : फोनलाच विचारा

सेटिंग्ज उघडा आणि खाली जात राहा. बॅटरी गेली, आवाज गेला, 'डिजिटल वेलबीइंग' नावाचं काहीतरी गेलं की तळाशी 'सिस्टीम अपडेट' सापडेल. दाबा. एक चक्र फिरेल. फोन विचार करतोय असं वाटेल, पण तो कंपनीच्या सर्व्हरला निरोप धाडून उत्तराची वाट बघत असतो. मग उत्तर येईल : 'तुमची सिस्टीम अद्ययावत आहे.'

नवशिके इथे सुखावतात आणि फोन खिशात टाकतात. तुम्ही टाकू नका. आत काय बोलणं झालं ते बघा. फोनने विचारलं, 'माझ्या मॉडेलसाठी काही आलंय का?' सर्व्हर म्हणाला, 'नाही.' त्यावरून फोनने स्वतःला अद्ययावत ठरवून टाकलं. वर्गात एकच विद्यार्थी उरला की त्याचा पहिला नंबर कोण चुकवणार?

खरं उत्तर 'फोनविषयी' या पानावर, अँड्रॉइडच्या आवृत्तीच्या आसपास बारीक अक्षरांत असतं. तिथे सुरक्षा पॅचची तारीख दिलेली असते. आईच्या फोनवर ती १ मार्च २०२२ निघाली. (ही तारीख महिन्याची १ किंवा ५ असते. पगारासारखी.) ऑगस्ट २०१५ पासून गूगल दर महिन्याला अँड्रॉइडमध्ये सापडलेल्या भोकांची यादी जाहीर करतं, आणि तुमच्या फोनची भोकं कुठपर्यंत बुजवली आहेत ते ही तारीख सांगते. त्यानंतरची सगळी उघडी. शिवाय यादी जाहीर असल्यामुळे ती नको त्यालाही वाचता येते. कुणाकुणाच्या दाराची कडी निखळली आहे त्याचा फलक चौकात लावायचा आणि सुतार मात्र नव्या वसाहतीतच पाठवायचा, असा हा प्रकार.

'पण माझ्या फोनवर तर रोज अपडेट येतात,' असं कुणी म्हणेल. ते प्ले स्टोअरमधून येणारे ॲपचे अपडेट. घराला रंग दिला म्हणून पाया नवा होत नाही.

पायरी दुसरी (ऐच्छिक) : बिल्ड नंबर

त्याच पानावर 'बिल्ड नंबर' अशी एक ओळ असते. तिच्यावर सात वेळा बोट आपटा. 'तुम्ही आता डेव्हलपर आहात!' अशी घोषणा होईल. मुलाखत नाही, पॅकेज नाही. अपडेटही नाही. पुढे चला.

पायरी तिसरी : दोष कुणाला द्यायचा ते ठरवा

या पायरीला वेळ लागतो. चहा इथे घ्या.

नवशिके गूगलला शिव्या देऊन मोकळे होतात. गूगल अँड्रॉइड लिहितं आणि त्याचा गाभा सगळ्यांना खुला ठेवतं. इथपर्यंत गोष्ट धर्मादाय वाटते. पण तो गाभा जसाच्या तसा तुमच्या फोनमध्ये ओतता येत नाही. आतली चिप क्वालकॉमची नाहीतर मीडियाटेकची. त्या चिपशी, कॅमेऱ्याशी, मॉडेमशी अँड्रॉइडला बोलायचं तर मध्ये दुभाषे लागतात. त्यांना ड्रायव्हर म्हणतात. अँड्रॉइडची भाषा दरवर्षी थोडी बदलते, म्हणून दुभाष्यांची शिकवणीही दरवर्षी लावावी लागते, आणि ती शिकवणी चिपवाल्या कंपनीनेच घ्यायची असते, कारण ड्रायव्हरचा मोठा भाग तिने कुलपात ठेवलेला असतो. आता चिप तिने एकदा विकली, पैसे एकदा मिळाले. तीन वर्षांपूर्वी विकलेल्या मालाच्या दुभाष्याला ती फुकट कशाला शिकवेल? तिचं लक्ष पुढच्या चिपवर.

तिथून सुटलं तर गाडी फोन बनवणाऱ्या कंपनीकडे येते. ती त्यावर आपले आयकॉन, आपली रंगसंगती आणि कधीही काढता न येणारी चार ॲप्स चढवते, गूगलच्या चाचण्या पार करते आणि मग थोड्याथोड्या फोनांवर अपडेट सोडते. आता या कंपनीची मॉडेलं मोजा. नुसता फोन, मग त्याचा प्रो, मग प्लस, मग लाइट, आणि शेवटी '५जी' असं शेपूट लावून तोच पुन्हा. चाचणी प्रत्येकाची वेगळी करावी लागते. दिवाळीच्या तोंडावर नवं मॉडेल उतरवायचं असताना जुन्यावर इंजिनीअर कोण बसवणार?

थोडक्यात, तुमची फाईल तीन टेबलांवरून फिरते. आणि मधल्या टेबलावरचे भाऊसाहेब नोकरीच सोडून गेले तर? हे खरंच झालेलं आहे, आणि तेही गूगलच्या घरच्या फोनबाबत. गॅलेक्सी नेक्सस हा सॅमसंगने बांधलेला, पण गूगलने आपला म्हणून मिरवलेला फोन २०११ च्या नोव्हेंबरात बाजारात आला. त्यात चिप होती टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची. २०१२ मध्ये त्या कंपनीने फोनच्या चिपांच्या धंद्यातून काढता पाय घेतला. २०१३ मध्ये अँड्रॉइड ४.४, म्हणजे किटकॅट आलं आणि गूगलने जाहीर केलं की गॅलेक्सी नेक्ससला ते मिळणार नाही, अपडेटची अठरा महिन्यांची मुदत उलटून गेली आहे. गंमत अशी की किटकॅटची जाहिरातच मुळी 'अर्धा जीबी रॅमच्या साध्या फोनवरही चालेल' अशी होती. गॅलेक्सी नेक्ससमध्ये एक जीबी होती. जेवण सगळ्या गावाला, फक्त घरच्या थोरल्या मुलाला पान नाही.

टेबलांच्याही खाली तळघरात, ज्यावर अँड्रॉइड उभं असतं तो लिनक्सचा कर्नल असतो. त्याच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यासुद्धा पूर्वी दोनच वर्षं सांभाळल्या जात. चिप तयार होऊन फोन दुकानात येईपर्यंत त्यातला बराच काळ वाटेतच संपायचा. २०१७ मध्ये ही मुदत सहा वर्षांपर्यंत ताणली गेली. २०२३ मध्ये ती पुन्हा दोनवर आणायचं ठरलं, कारण सांभाळणारी माणसं थोडी आणि थकलेली. या माणसांना मी तरी दोष देणार नाही.

गूगलनेही उपाय केले नाहीत असं नाही. पहिल्यांपैकी एक तर आपल्याकडेच झाला. सप्टेंबर २०१४ मध्ये मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस या तीन देशी कंपन्यांचे 'अँड्रॉइड वन' फोन आले, साधारण ६,४०० रुपयांना. अट अशी की अपडेट थेट गूगलकडून येणार, कंपनीने मध्ये हात घालायचा नाही. ते फोन अँड्रॉइडच्या मार्शमॅलो या आवृत्तीपर्यंत पोचले. त्या किमतीत ते कौतुकाचंच होतं. मग २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ बरोबर 'ट्रेबल' नावाची भिंत आली : एका बाजूला अँड्रॉइड, दुसऱ्या बाजूला चिपवाल्यांचे दुभाषे, म्हणजे एकीकडे बदल केला तर दुसरीकडे सगळं उकरायला नको. २०१९ पासून काही सुटे भाग प्ले स्टोअरच्या वाटेनेच बदलता येऊ लागले. भिंत कामाची आहे. पण भिंतीपलीकडच्या माणसाने उठून काम करायचं की नाही, ते भिंत ठरवत नाही.

ॲपलवाल्यांनी ही पायरी गाळली तरी चालेल. त्यांच्याकडे चिप, फोन आणि सॉफ्टवेअर एकाच चुलीवर शिजतं. २०१३ चा आयफोन ५एस आयओएस ७ घेऊन आला, १२ पर्यंत चढला, आणि त्याला २०२३ च्या जानेवारीतही सुरक्षेची दुरुस्ती मिळाली. मात्र त्यांच्याकडेही पान वाढणं कधीतरी थांबतंच.

पायरी चौथी : फोन म्हातारा झाला असं मानू नका

या पायरीसाठी फोन कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याकडे न्या. आमच्या मोबाइलवाल्याने डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण गरम हवेने सैल करून उचकटलं, पिनेने दोन ठिकाणी टोचलं. 'बोर्ड एकदम ओके आहे काका. बॅटरी टाकतो, अजून तीन वर्षं काढेल.' मी अपडेटचं विचारलं. त्याने भिंग काढलं आणि नळाला पाणी का नाही असं विचारल्यावर लोक सांगतात त्याच आवाजात सांगितलं, 'ते वरूनच बंद आहे.'

बरोबर आहे. कधीकधी हार्डवेअर खरोखर कमी पडतं : आयफोन ५ चा प्रोसेसर ३२ बिटचा होता आणि २०१७ च्या आयओएस ११ ने ३२ बिटशी संबंधच तोडला. तिथे इलाज नव्हता. पण दर वेळी हेच कारण पुढे करतात ते पटवून घेऊ नका. २०१३ चा गूगलचा नेक्सस ५ घ्या. चिप स्नॅपड्रॅगन ८००, मार्शमॅलोवर थांबला. तिचीच सख्खी बहीण स्नॅपड्रॅगन ८०१ नेदरलँड्समधल्या फेअरफोन नावाच्या छोट्या कंपनीने २०१५ च्या आपल्या फेअरफोन २ मध्ये बसवली. क्वालकॉमने तिचाही हात मध्येच सोडला. पण या मंडळींनी चिपवाल्याच्या मदतीवाचून तो फोन अँड्रॉइड १० पर्यंत ओढत नेला आणि मार्च २०२३ पर्यंत सांभाळला. मूठभर माणसांनी केलं. म्हणजे चिपला जमत होतं; जमवून घ्यायची गरज कुणाला वाटली, एवढाच फरक.

पायरी पाचवी : भाचा

इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा भाचा असल्यास बोलावून घ्या. तो फोनचं बूटलोडर नावाचं कुलूप तोडेल आणि लाइनेजओएस नावाची, हौशी लोकांनी चालवलेली अँड्रॉइडची आवृत्ती चढवेल. मॉडेल लोकप्रिय असेल तर फोन खरंच ताजातवाना होतो. मात्र कुलूप तुटलेलं दिसताच बँकांची बरीच ॲप्स 'हे डिव्हाइस सुरक्षित नाही' म्हणून उघडायला नकार देतात. २०२२ च्या उघड्या भोकांवर जी बँक बिनदिक्कत चालत होती, ती ताज्या सॉफ्टवेअरला दारात उभं करत नाही. भाच्याला याबद्दल बोलू नका. तो जेवून जाऊ दे.

भाचा नसल्यास, अपडेट थांबलेल्या फोनवरून पैशांचे व्यवहार काढून टाका. भजनं, फोटो, गजर, विजेरी, नातवाशी व्हिडिओ कॉल यांना तो अजून पुरेल. कधीतरी ॲपच येणं बंद करतात : २०२५ च्या सुरुवातीपासून व्हॉट्सॲपने किटकॅट आणि त्याहून जुन्या अँड्रॉइडशी बोलणं टाकलं. पण त्याला आईच्या फोनच्या बाबतीत अवकाश आहे.

पायरी सहावी : नवा घेताना

दुकानात जा. कॅमेरा किती मेगापिक्सेल हे विचारू नका, ते दुकानदार न विचारता सांगेल. 'अपडेट कधीपर्यंत?' एवढंच विचारा. 'येत राहतात ना सर,' असं उत्तर मिळेल आणि टेम्पर्ड ग्लास फुकट मिळेल. ग्लास घ्या, उत्तर घेऊ नका. कंपनीच्या पानावर वर्षं शोधा. २०२३ च्या पिक्सेल ८ ला गूगलने सात वर्षांचा शब्द दिला, जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ ला सॅमसंगनेही तेवढाच दिला. पण हे सगळे महागाचे पाहुणे. खालच्या किमतीत आकडा भराभर उतरतो.

आणि वर्षं कधीपासून मोजतात ते बघा, कारण सगळी मेख तिथेच आहे. बहुतेक कंपन्या मॉडेल बाजारात आल्या दिवसापासून मोजतात, तुम्ही घेतल्या दिवसापासून नाही. दिवाळीच्या सेलमध्ये दोन वर्षांपूर्वीचं मॉडेल निम्म्या किमतीत घेतलंत तर तुमच्या आधीच कुणी न वापरता दोन वर्षं संपवलेली असतात. दुधाच्या पिशवीवर तारीख छापतात. या खोक्यावर छापत नाहीत. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून याचं टोक उलटं धरलं : तिथे त्या मॉडेलचा शेवटचा नग बाजारात उतरवल्यानंतर किमान पाच वर्षं अपडेट द्यावे लागतात. मोजपट्टी तीच, शून्य कुठे ठेवायचं तेवढा वाद.

हे सगळं त्या रविवारी मी आईला समजावून सांगितलं. तीन टेबलं, दुभाषे, कर्नल. बँकेचं ॲप काढलं, हरिपाठ पहिल्या पानावर आणून ठेवला, आणि जरा अपराधी आवाजात म्हटलं, 'आता याला अपडेट नाही येणार हं.'

'कध्धीच नाही?'

'नाही.'

'बरं झालं बाई,' आई म्हणाली. 'दर वेळी आले की फोन उचलायचं बटण जागा बदलायचं.'